चपलांची रांग

दवाखान्यातलं नंबर देणारं यंत्र त्या सकाळी असं बिघडलं, की येईल त्याला सत्तेचाळीस नंबरचीच चिठ्ठी देऊ लागलं. दूरच्या खेड्यांतून आलेल्या माणसांची दारातच भांडणं जुंपली. दोन गाड्या बदलून डोळे दाखवायला आलेली बुनसी वैतागून पहारेकऱ्याला म्हणाली, "थावोन, काहीतरी कर की रे!"

"मावशी, बंद करून चालू केलं, थापट्या मारल्या, आता काय पाया पडू? दुरुस्तीवाला दुपारी येईल. नंबराशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम आहे."

"नंबर आहे की! सगळ्यांकडे आहे!"

लोक हसले. बुनसीने पायातल्या चपला काढून तपासणीच्या दारासमोर ठेवल्या. "माझ्याआधी आलेल्यांनी पुढे ठेवा, बाकीच्यांनी मागे. खोटं बोलायचं नाही!"

कोण कोणाआधी आलं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बघता बघता चपलांची रांग फाटकापर्यंत गेली, आणि माणसं सावलीत बसून चिकट भाताच्या पुड्या सोडू लागली. नर्सने डोकावून पाहिलं, हसली आणि हाक मारली, "लाल पट्ट्याची चप्पल, या आत!"

दुपारी यंत्र सुरू झालं. थावोन ओरडला, "चला, नवे नंबर घ्या!"

कोणी जागचं हललं नाही. एक म्हातारबाबा म्हणाले, "आमची रांग कुठे बिघडलीय?"

तपासणी उरकून बाहेर आलेल्या बुनसीने ते ऐकलं आणि ती मान ताठ करून फाटकाकडे निघाली.