कुंपणातलं गवत

आठ वाजता फुलचंदशेठ येणार. साडेसहाला नागोराव कुरणात पोचला, तर कुंपणाच्या आत गवतच नव्हतं.

तीन वर्षं. बारा चौकोन, प्रत्येकाला चार खुंट्या. शेठजींच्या धर्मादाय ट्रस्टच्या देणगीतून कॉलेजच्या बबनरावसरांनी लोहारा गावाच्या कुरणाचा हा तुकडा बंद केला होता. गुरं थांबवली तर कोणतं देशी गवत परत येतं, हे पाहायला. नागोराव राखणदार. देणगी याच महिन्यात संपत होती. शेठजी आज गवत बघणार, मग पुढचं ठरणार.

बघणार काय? कापून उरलेले सड.

कुंपणाबाहेर रोज गवत कापणारी मथुराबाई विळा पुसत उभी होती. काल नागोराव हार-नारळ आणायला यवतमाळला गेला, तेवढ्यात तिनं आतलं सगळं कापलं होतं.

"साफ केलं भाऊ. पाव्हणा येऊन राह्यला, अन् हे रान माजलेलं."

"वहिनी, तेच दाखवाचं होतं."

"गवत? शेठले?" ती हसली. "त्यानं कधी पाह्यलं नाही काय?"

नागोराव बसला. उठला. खुंट्या मोजल्या. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजल्या. सर सायकलवरून उतरले, चष्मा काढला, लावला.

मग त्याला पेंढ्या दिसल्या. तीन ढीग, वेगवेगळे. कापणारी बाई गवत मिसळत नाही : मारवेल दुभत्या गाईला, पवन्या बैलाला, कुसळी छपराला.

जीप आली.

"गवत कुठाय?" शेठजी म्हणाले.

सर चाचरले. नागोराव मध्येच बोलला, "वहिनी, तुम्ही सांगा."

"काय सांगू? बाहेर तीन वर्सांत मले मारवेलची एक पेंढी भेटली नाही. नुसती कुसळी. इथं एका दुपारी नऊ."

शेठजींनी पेंढी हुंगली. मारवेलचा गोडसर वास.

"घरची गाय चाऱ्याला नाक मुरडते," ते म्हणाले. "या पेंढीला तिनं तोंड लावलं, तर पुढच्या वर्षाचं बघू. टाका एक गाडीत."

नागोरावानं पेंढी उचलली आणि तिथंच तिचा बंध सोडला. कुसळीचं एक टोकदार कुसळ यात अडकून गाईच्या जबड्यात रुतलं, की देणगी संपली. बोटं काडीकाडीतून फिरली. एक सापडलं. म्हणजे आणखी असणार.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"आलो," नागोराव म्हणाला, आणि पेंढी पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागला.