मिठूचा हिरवा भाग

आठवीच्या वर्गात मिठू सगळ्यांत बडबडी. नाव आजोबांनी लाडाने ठेवलेलं, शाळेतही तेच रुळलं. एका अपघातानंतर ती चाकाच्या खुर्चीवरून यायला लागली, तरी जिभेला विश्रांती नव्हती.

भूगोलाच्या बाईंनी त्या वर्षी भिंतीवरचा नकाशा गुंडाळून ठेवला आणि संगणकावरचा घेतला. आपल्या घरावर बोट ठेवलं की पंधरा मिनिटांत चालत कुठवर जाता येईल तेवढा भाग हिरवा व्हायचा. मुलं हरखली. कुणाचा हिरवा भाग मोठा यावरून चढाओढ लागली. मिठूचाही चांगला ऐसपैस पसरला. ती म्हणाली, "बाई, हे खोटंय. यात जिने कुठेत?"

बाई चपापल्या. नकाशा कुणाच्या पायांनी चालतो, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मग वर्ग गटागटाने रस्त्यावर उतरला. पायऱ्या, पदपथांच्या उंच कडा, उखडलेल्या फरशा मुलांनी मोबाइलवरून नकाशात भरल्या. ती माहिती जोडून बाईंनी मिठूचं घर पुन्हा निवडलं. हिरवा भाग आक्रसला आणि दोन गल्ल्यांपुरता उरला. शाळासुद्धा बाहेर राहिली. मिठूला खुर्चीसकट उचलून वडील रोज वाटेतला जिना चढायचे, ते नकाशाला कुठून माहीत असणार?

शिकवण्याच्या भरात आपण या पोरीचं जग चारचौघांत मोजून दाखवलं, असं बाईंना वाटलं. त्यांनी पडदा बंद करायला हात पुढे केला.

"थांबा ना बाई," मिठू म्हणाली. खुर्ची पुढे घेऊन तिने पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि टपाल कचेरीशेजारच्या जिन्यावर बोट ठेवलं. "हा एकच पुसून बघा."

बाईंनी पुसला. हिरवा रंग शाळा ओलांडून वाचनालयापर्यंत धावत गेला.

तो नकाशा घेऊन वर्ग पालिकेच्या अभियंत्याकडे गेला. त्याने तो शांतपणे पाहिला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की जिन्याजागी उतार करायला वेळ लागेल, कदाचित वर्षं. पण टपाल कचेरीच्या आवारातून, जिन्याला वळसा घालून, गाड्यांसाठी एक उताराची वाट होती, तिचं मागचं फाटक कायम बंद असे. पोस्टमास्तरांनी आधी जबाबदारीचं तुणतुणं वाजवलं. मिठूने त्यांच्याशी इतकं बोलून घेतलं की शेवटी शाळेच्या वेळेला फाटक उघडायचं त्यांनी कबूल केलं.

पहिल्या दिवशी वडील लांबून मागे मागे येत होते. तिने वळून त्यांना घरी जायला सांगितलं. ते कोपऱ्यावर थांबले. रिकाम्या हातांचं काय करावं, त्यांना कळेना.

मिठू शाळेत उशिरा पोचली. बाईंनी कारण विचारलं.

"आधी वाचनालयापर्यंत जाऊन आले," ती म्हणाली. "बंद होतं. पण बाहेर बसायला बाक आहेत."

बाईंनी तिची हजेरी लावली आणि धडा सुरू केला.