दाबून धरलेलं बटण

वायरलेसपायी सरांचा जन्म गेला. आधी मनोरे उभारले, मग कॉलेजात पोरं घडवली, आणि दर वर्गाला पहिल्याच दिवशी बजावलं: माईकचं बटण दाबलं की आपण बोलतो, सोडलं तरच ऐकू येतं, एकानं दाबून धरलं की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. पोरं पाठीमागे त्यांना 'सोड-बटण सर' म्हणायची. म्हणोत बापडी.

त्या दुपारी सर बंदराच्या नियंत्रण खोलीत उभे होते. लेकही बापाच्याच वळणावर गेलेली; दीपस्तंभावरचा सेट दुरुस्त करून बोटीनं परतत होती. "बाबा, इंजिन बंद पडलंय, पाणी शिरतंय. कुठे आहोत ते बघून सांगते, बॅटरी संपत आलीय," एवढं ती बोलली, आणि लगेच चॅनेलवर कुणीतरी बटण दाबून धरलं. नुसती घरघर. लेकीचा आवाज त्या घरघरीखाली गाडला गेला. दुसऱ्या चॅनेलवर ये म्हणावं, तर तेही तिला ऐकू जायला नको? शोधायला निघालेल्या बोटींनी जायचं तरी कुठे? समुद्र म्हणजे काय परसातली विहीर आहे?

सरांनी त्या बटण दाबणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एरवी हा माणूस कधी कुणाला गाढवसुद्धा म्हणाला नव्हता. ऑपरेटर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं दिशा शोधायचा अँटेना सरांच्या हातात दिला आणि जीप काढली. अँटेना फिरवायचा, आवाज वाढेल तिकडे वळायचं. बाजार मागे पडला, कॉलेज मागे पडलं. एका वळणावर ऑपरेटरनं जीप हळू केली, कारण ही सरांचीच गल्ली होती.

घरघरीत मधूनमधून टक् होत होतं. पंखा. त्यात तेल घाला म्हणून बायको वर्षभर मागे लागली होती. मुंगीएवढा सिग्नल ओळखणाऱ्या कानाला घरचा पंखा ओळखता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरात बायको सरांच्या टेबलाशी, त्यांच्याच सेटपुढे बसली होती. तिनं मागे एकदा विचारलं होतं, हे कसं चालतं हो? तुला काय करायचंय, म्हणून सर हसले होते. आता माईकच्या बटणावर तिची बोटं पांढरी पडली होती. डोळे मिटून, श्वास रोखून ती ऐकत होती.

"अहो, तिचा आवाज आला होता," ती हळूच म्हणाली. "बाबा म्हणाली. मग तो जाऊ नये म्हणून मी दाबून धरलं."

सरांनी तिचं एकेक बोट सोडवलं. घरघर थांबली. बाहेर जीपमधून ऑपरेटर बोटीला हाका मारत होता, थांबून ऐकत होता, पुन्हा हाका मारत होता.

"माझ्यामुळे काही बिघडलं का?"

"नाही," सर म्हणाले. एका चुकीच्या उत्तरासाठी पोरांना नापास करणारा माणूस. "बॅटरी संपली असेल."

तिचा हात पुन्हा बटणाकडे गेला. शिकवायचं तर आता एका वाक्याचं काम होतं, पण ते वाक्य ऐकून ती जगली नसती. सरांनी तिचा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि दोघं रिकाम्या चॅनेलला कान लावून बसली.

बोटीतून उत्तर आलं नाही.