दहा मीटरची हिरवी तार

मी हौशी रेडिओवाल्यांचा ॲम्प्लिफायर. छोट्या रेडिओचा क्षीण संदेश दहापट करून आभाळात सोडायचा, एवढंच माझं काम. आता व्हॉल्व्ह थकलेत, पंखा खरखरतो. थोडक्यात सांगतो.

कारखान्यातच माझ्या पोटात एक हिरवी तार जोडली होती. ती असेपर्यंत मी दहा मीटर नावाच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर आणि त्याच्या आसपास मुका. शेजारीच ट्रकवाल्यांच्या गप्पांचा पट्टा. तिथे माझ्यासारखं धूड कुणी लावलं, तर बाकीच्यांचे आवाज बुडत. म्हणून दहा मीटरवर चालणाऱ्या यंत्राला सरकार प्रमाणपत्रच देत नसे. मात्र रेडिओचं लायसन्स असलेल्याने त्याची प्रत कंपनीला धाडली, की तार कापायची रीत टपालाने येई.

माझ्या मालकाने, व्हर्लिन स्टिडमने, प्रत धाडली, तार कापली. केंटकीच्या डोंगरातून मी ब्राझीलपर्यंत ओरडलो.

त्याचा धाकटा भाऊ होबार्ट कोळशाचा ट्रक चालवी. एका रविवारी मक्याचा पाव मोडता मोडता तो म्हणाला, "हा डबा महिनाभर माझ्या घरी दे. टेक्ससच्या ट्रकवाल्यांना माझा आवाज ऐकवतो."

"लायसन्स काढ, आजच्या आज उचलून ने."

"या वयात परीक्षा देऊ? सख्ख्या भावाकडे कागद मागतोस होय रे?"

"मी नाही मागत, नियम मागतो."

"मग बस नियमाशीच गप्पा मारत!"

होबार्ट ताटावरून उठला. तो मला गुपचूप नेईल या धास्तीने व्हर्लिनने संध्याकाळी तार पुन्हा डाख देऊन जोडली.

एकोणीस वर्षं ती तशीच राहिली. दोन घरांत अंतर बारा मैलांचं. नाताळात बायका एकमेकींना जॅमच्या बरण्या धाडत. भाऊ मात्र बोलले नाहीत. व्हर्लिन माझी धूळ पुसायचा. दहा मीटरच्या आकड्यावर त्याचं फडकं थबकायचं.

मग एका ऑक्टोबरात पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, फक्त होबार्टच्या नव्या लायसन्सची प्रत. कंपनीला धाडतात तशीच. व्हर्लिनने ती तीनदा वाचली आणि फोन उचलला.

"पक्कड घेऊन ये. माझा हात थरथरतो आता."

"मी कापलेली चालेल ना? का त्यालाही नियम आहे?"

"तोंड आवर आणि ये!"

होबार्टने तार कापली. जाताना मला न्यायचं मात्र विसरला.

आता रोज सकाळी दोघे आपापल्या छोट्या रेडिओवर, दहा मीटरवर भांडतात. मला कुणी चालू करत नाही. बारा मैलांसाठी माझी गरज कधीच नव्हती.

मला खुशाल अडगळीत टाका. फक्त ते बोलत असताना माझा पंखा लावू नका. फार खरखरतो.