गुडघ्याखालचा करडा चिखल

आई जाऊन अठ्ठ्याण्णव दिवस झाले होते. शंभराव्या दिवसाच्या जेवणासाठी मी कान थो शहरातून गावी आले, तर शेतात पोकलेन उभा. धाकटा भाऊ विन्ह भात मोडून फणस लावणार होता. फणसाला पुराचं पाणी सोसत नाही, म्हणून चर खणायचे आणि त्याच मातीचे उंच वाफे करायचे.

"किती खोल?" मी विचारलं.

"दीड मीटर. वाफा उंच नको का, ताई?"

"आई गुडघ्याखाली कधी खणू देत नव्हती."

"तेव्हा कुदळ होती. गुडघ्यापर्यंतच कंबर मोडायची, म्हणून!"

पोकलेनवाले बिउकाकाही हसले.

आमच्याकडे गुडघ्याखाली करडा चिखल लागतो. पाण्याखाली असतो तोवर तो निरुपद्रवी. वर काढला, वारा लागला, की त्यातल्या गंधकाचं आम्ल होतं आणि मुळं जळतात. हे मला पुस्तकांतून कळलं, तेही तिशीनंतर. आईला अक्षरओळख नव्हती. ती माती जिभेवर ठेवायची, आणि अख्खी वस्ती तिला विचारून पेरायची. भावंडांतल्या क्रमावरून सगळे तिला 'सहावी मावशी' म्हणायचे.

विन्हने पोकलेनच्या बकेटमधला चिखल चिमटीत घेऊन चाखला. "बघ. जरासुद्धा आंबट नाही."

"ओला आहे म्हणून. वाळू दे, मग कळेल."

"तोवर काका थांबतात होय? परवा त्यांना दुसरीकडे जायचंय."

"भांडा पोरांनो, सावकाश भांडा," बिउकाका वरून ओरडले. "डिझेल काय, माझंच जळतंय."

शेत दोघांच्या नावावर होतं. मी अडून बसले असते तर काम थांबलं असतं, आणि भाऊ तुटला असता. गप्प बसले असते तर आईने चाळीस वर्षं राखलेलं शेत गेलं असतं. विन्ह पुस्तकातलं ऐकणारा नव्हता. मग लक्षात आलं, या शेतात एक खोल खड्डा आधीच खणून झाला होता.

मी त्याला कोपऱ्यात, आईच्या थडग्यापाशी नेलं. पुरताना उरलेल्या मातीचा ढीग शेजारी तसाच होता. भोवती घोटाभर गवत. ढिगावर एक काडी नाही. करडा रंग जाऊन वाळक्या पेंढ्यासारखे पिवळे डाग पडले होते.

"आता चाख."

त्याने ढेकूळ जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून थुंकला. मग ओशाळून थडग्याकडे पाहिलं. "चुकलो, आई."

"ती स्वतः जन्मभर हेच थुंकली," मी म्हटलं.

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मी कालव्याकडे बघत राहिले.

परत येऊन त्याने सांगितलं, "काका, गुडघाभरच. वरची काळी माती बाजूला काढा, ती शेवटी वर घालायची. वाफे बुटके होतील ते होऊ देत, पुराला बाहेरून बांध घालू."

"मावशीने आजही अडवलं म्हणा की!" बिउकाका म्हणाले. "जिवंतपणी तीनदा अडवलं होतं मला. शिव्या देऊन."

दुपारभर विन्ह पँट दुमडून बकेटच्या पुढे चालला. करडं दिसू लागलं की हात वर करायचा, आणि ते एवढं मोठं यंत्र जागच्या जागी थांबायचं.

पलीकडच्या बांधावरून कुणी तरी ओरडलं, "एवढंसंच खणताय? कुणाचं डोकं हे?"

"आईचं!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.