बारक्याने पाडलेला उजेड

प्रत्येकाच्या आयुष्यात प्रकाश घेऊन येणारे एक तरी माणूस असते, असे थोर लोक सांगून गेले आहेत. दाजींच्या आयुष्यातला हा प्रकाश निळा होता, पायाखाली होता आणि गाडीचे दार उघडले की आपोआप लागत असे. तो घेऊन येणारे माणूस म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ.

या भावाला सगळे बारक्या म्हणत. नाव तान्हेपणी पडले होते. पुढे माणूस चहूबाजूंनी वाढत गेला, पण नाव बदलायचे कुणाच्या लक्षात राहिले नाही. थोरल्या भावाच्या कापडाच्या गोदामात त्याने काही वर्षे गाठी उचलल्या, आणि "तू काय उजेड पाडणार?" हा प्रश्न उठताबसता ऐकून शेवटी सरळ दिव्यांचेच दुकान काढले. गाड्यांचे दिवे, भोंगे, स्पीकर, कॅमेरे, सीटमधून वारा सोडणारे पंखे. कंपनीतून गाडी नुसती जन्माला येते, तिच्यावर संस्कार आपल्यालाच करावे लागतात, असे तो गिऱ्हाइकाला सांगे.

पहिले संस्कार अर्थातच बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीवर झाले. दाजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुसऱ्यांच्या तराजूत खोट शोधायची आणि खरे ते कागदावर लिहायचे, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. गाडीही त्यांच्यासारखीच, राखाडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती बारक्याच्या दुकानातून परत आली तेव्हा तिच्या पायाशी निळे दिवे होते, डिकीत छाती धडधडवणारा ॲम्प्लिफायर होता, आरशाखाली डोळे वटारून बसलेला कॅमेरा होता, आणि गाडी मागे घेताना एक अदृश्य बाई "कृपया सावध राहा" असे बजावत होती. हे बजावणारे माणूस दाजींच्या घरात आधीच एक होते. आता गाडीतही सोय झाली. मागच्या काचेवर दुकानाचे नाव आणि फोन नंबर हातभर अक्षरांत लिहिलेला.

"आभार मानायचे नाहीत दाजी," बारक्या म्हणाला. "तुम्ही नुसतं फिरायचं. जाहिरात आपोआप होते." हे तो पार्किंगमध्ये इतक्या मोठ्याने म्हणाला की त्या दिवसापासून साऱ्या इमारतीचे ते दाजी झाले. वरच्या मजल्यावरचे आजोबासुद्धा त्यांना दाजी म्हणू लागले.

जाहिरात झाली. थोड्याच दिवसांत गाडीची बॅटरी उतरू लागली. बॅटरीचे एक असते, ती एकटी उतरत नाही. ती उतरली की गाडीतल्या सगळ्यांना उतरावे लागते. सकाळी दाजी स्टिअरिंगवर आणि मागे निम्मी इमारत, असा धक्क्याचा कार्यक्रम सुरू झाला. गाडी ढकलणाऱ्याचे नाक मागच्या काचेपाशी येते, आणि तिथे वाचायला दुसरे काही नसते. बघता बघता बारक्याचा नंबर गल्लीला पाठ झाला. त्यावर फोनही येऊ लागले. लावलेले सामान काढून मिळेल का, असे लोक विचारीत. तळमजल्यावरच्या दंतवैद्याने स्वतःच्या गाडीसाठी सांगितलेले दिवे रद्द केले. आधीच आपल्या हाताखालून गेलेला माणूस पुन्हा दारात येत नाही, मग माझी गाडी ढकलायला कोण येणार, असे त्याचे म्हणणे होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी दाजींनी कुणालाच सांगितली नव्हती. संध्याकाळी गाडी लावल्यावर ते लगेच वर जात नसत. वर दोन खोल्या होत्या. एकीत बायको भूमितीच्या वह्या तपासत असे. तिच्या वर्गातल्या पोरांचे त्रिकोण मिटत नसत आणि त्याचा राग घरात निघे. दुसरीत मुलगी व्हायोलिन शिकत होती. अजून बरेच शिकायचे बाकी होते. म्हणून दाजी इंजिन बंद करून सीट मागे टाकीत. पायाशी निळा उजेड, पाठीला पंख्याचा वारा, आणि ज्या ॲम्प्लिफायरने भिंती हलाव्यात त्यावर कानात सांगितल्यासारखी हळू जुनी गाणी. आयुष्यात त्यांना स्वतःची अशी खोली पहिल्यांदाच मिळाली होती, आणि तिला चाके होती म्हणून काही बिघडत नव्हते. घरी उशिराचे कारण ठरलेले असे, शेवटचा तराजू अडून बसला.

बंद गाडीत असे ऐषोराम केले की बॅटरी उतरते, हे दाजींना ठाऊक नव्हते असे नाही. पण एखादी गोष्ट खरी असणे आणि ती आपल्या बाबतीत खरी असणे, यात त्यांनी बरेच अंतर राखले होते.

रविवारी सकाळी बारक्या मीटर घेऊन पार्किंगमध्ये आला. चेहरा उतरलेला. गाडी झोपलेली असताना जो हळूच करंट पितो त्याला आमच्यात चोर म्हणतात, असे त्याने सांगितले, आणि आज चोर पकडायचाच असे ठरवून बॉनेट आणि डिकी दोन्ही सताड उघडली. बायको खाली आली. दंतवैद्य दात घासत घासत आला.

मग एकेकाची झडती झाली. निळे दिवे सुटले. कॅमेरा सुटला. पंखा, भोंगा, ती बजावणारी बाई, सगळे निर्दोष. ॲम्प्लिफायरवर सर्वांचा संशय होता, पण त्याची तार काढली तरी मीटरचा आकडा जागचा हलला नाही. एवढासा आकडा मात्र शेवटपर्यंत उरला.

"हा कसला?" दाजींनी खात्यातल्या आवाजात विचारले.

तो डिकीतल्या दिव्याचा, बारक्याने सांगितले. डिकी उघडी आहे म्हणून लागलाय, लावली की विझतो. तो धरायचा नाही. दाजींनी मान डोलावली. रिकाम्या पारड्याचे वजन वजा करायचेच असते.

म्हणजे चोर नव्हता. कुणालाही वाटेल, बारक्याला आनंद झाला असेल. पण तो पायरीवर मटकन बसला. एखादी वस्तू वाईट निघाली असती तर काढून फेकली असती, तो म्हणाला. सगळ्या वस्तू चांगल्या आणि गाडी मेलेली, म्हणजे आपला हातच वाईट. त्याने थोरल्याला निरोप धाडला होता. उद्या दुकानाचे शटर ओढायचे आणि गोदामात परत जायचे.

"ताई, मी गाठीच उचलायच्या लायकीचा," तो म्हणाला.

ताईने नवऱ्याकडे पाहिले. दाजींनी गाडीकडे पाहिले. पाठीला लागणारा तो वारा त्यांना आठवला, गाणी आठवली. मग त्यांचे आयुष्यभराचे काम त्यांच्या आड आले. खोटे वजन डोळ्यांदेखत चाललेले त्यांना कधी सोसले नव्हते.

"चोर मी आहे," दाजी म्हणाले.

आणि त्यांनी सगळे सांगितले. अडून बसलेल्या तराजूसकट. दंतवैद्याचा ब्रश तोंडातच थांबला.

"मला माहितीय," बायको म्हणाली. "आपल्या स्वयंपाकघराच्या छतावर निळा उजेड पडतो. तो विझला की मी चहाचं आधण ठेवते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही वर आला असता. व्हायोलिन आणि तुम्ही, दोन्ही एकदम मला झेपत नाही."

दंतवैद्याने तोंडातला फेस थुंकून विचारले, म्हणजे माल चांगला आहे तर? माल उत्तम आहे, माणूस खराब आहे, असे दाजींनी निरीक्षक म्हणून सांगितले. दंतवैद्याने तिथल्या तिथे दिवे पुन्हा सांगून टाकले. बारक्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने दाजींना मिठी मारली, म्हणजे काही काळ दाजी दिसेनासे झाले. मग त्याने थोरल्याला फोन लावून, गाठी तूच उचल, एवढेच सांगितले.

मिठीतून सुटल्यावर दाजींना त्यागाची लहर आली. आजपासून गाडीत बसणे बंद, ॲम्प्लिफायर काढून टाक, असे त्यांनी जाहीर केले. बारक्या नाही नाही म्हणत राहिला, पण दाजी ऐकेनात. ॲम्प्लिफायरचे स्क्रू डिकीच्या पार आतल्या कोपऱ्यात होते. बारक्याने अंगाची घडी केली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तो आत शिरला. दाजी, मन हलके झालेल्या माणसासारखे, आकाशाकडे पाहत उभे राहिले, आणि सवयीने त्यांनी डिकी लावली.

"अहो, माझा भाऊ," बायको म्हणाली.

दाजींनी घाईने खिशात किल्ली शोधली. तेवढ्यात आतून बारक्याचा आवाज आला. शांत होता.

"दाजी, उघडू नका. डिकी लागलीय ना नीट?"

"लागलीय."

"पक्की?"

"पक्की. का रे?"

आतून झाकण ढकलून पाहिल्याचा आवाज आला.

"इथं दिवा चालूच आहे," बारक्या म्हणाला.

तो दिवा कंपनीने बसवलेला होता.