लिआओ आजींचा दुसरा डबा

तैवानमधल्या चियायी गावच्या देवळासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. लिआओ आजींनी मोबाइलवर नगर कचेरीचा घरपोच जेवणाचा फॉर्म उघडला, ‘यजमानांसाठी दुसरा डबा’ या चौकटीतली टिक काढली, जमा केला, पुन्हा उघडला. टिक जागच्या जागी. यजमान जाऊन सहा आठवडे झाले होते आणि त्यांचा डबा रोज येत होता.

देवळातले भगत त्साई गुरुजी यांच्या अंगात आलं. “म्हातारा उपाशी आहे. शेवटी तूच त्याला नीट जेवू घातलं नाहीस. आता लेकीकडे राहायला गेलीस, तर मागोमाग येऊन नातवंडांना धरील.”

आजींनी लेकीकडे जायला बांधून आणलेली पिशवी खाली ठेवली. ते पाहून नगर कचेरीतल्या यी-चुनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. फॉर्म तिनेच बनवला होता.

“गुरुजी, तुमचंही नाव घालते,” म्हणत तिने दुसऱ्या डब्यावर टिक करून फॉर्म जमा केला. “आता टिक तुम्ही काढा.”

गुरुजींनी काढली. जमा करून पान उघडलं, तर टिक हजर.

“तुमच्याकडे कोण उपाशी आहे? घरच्या काकू तर इथे कलिंगडाच्या बिया फोडत बसल्यात.”

लोक हसले. काकूही हसल्या. “यंत्राला बाधा झालीय,” गुरुजी पुटपुटले.

“बाधा नाही, माझी चूक. चौकटीत टिक असली तरच फॉर्म तिच्याबद्दल काही पाठवतो. काढली, तर नाव-पत्ता पोचतो, चौकटीबद्दल चकार शब्द नाही. काही आलं नाही म्हणजे डबा नको, हे सर्व्हरला शिकवायला हवं होतं. मी शिकवलं नाही, म्हणून तो जुनंच धरून बसला.”

तिने लॅपटॉपवर दोन ओळी लिहिल्या. आजींनी टिक काढली. पुन्हा पाहिलं, चौकट रिकामी होती.

“म्हणजे ते उपाशी नव्हते? रोज तो डबा फोटोपुढे ठेवून मी त्यांची माफी मागत होते गं पोरी.”

यी-चुनला गुरुजींइतकाच स्वतःचा संताप आला. टिक निघत नाही अशा तीन तक्रारी आल्या होत्या. दर वेळी कचेरीने, इथल्या रिवाजाप्रमाणे यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून, सर्व्हरवर नारळी खाऊची नवी हिरवी पुडी ठेवली. पुडीची मुदत तिने स्वतः तपासली होती, कोड तपासला नव्हता.

“माफी मी मागायची, आजी,” ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. “यंत्र चुकलं तर ते बनवणाऱ्याला धरा. आम्हाला जाब विचारा. मेलेल्या माणसावर ढकलू नका, आणि त्याच्या बायकोवर तर मुळीच नको.”

आजींनी पिशवी उचलली.